छपरावरचं शेवाळ: आधी पाणी कुठे थांबतंय ते बघा

छपरावर शेवाळ दिसलं की पहिला प्रश्न येतो, याच्यावर काय मारायचं? त्याच्या आधीचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही: इथे पाणी का थांबतंय? कौल असो, सिमेंटचा पत्रा असो की गच्चीचा स्लॅब, जो भाग वाळायला उशीर लावतो तिथेच शेवाळ धरतं. ओल तशीच ठेवून शेवाळ तेवढं काढलं तर ते पुन्हा येतंच. शिवाय दर खेपेला घासून घासून छपराचा वरचा थर झिजतो, खरबरीत होतो आणि पुढच्या शेवाळाला बसायला आणखी चांगली जागा मिळते.

पाणी कुठे थांबतंय हे शोधायला फार काही लागत नाही. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी अंगणात उभं राहून छपराचा फोटो काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागेवरून पुन्हा एक काढा. बाकीचं छप्पर वाळून फिकं पडल्यावरही जो भाग गडद दिसतो, तिथे काम आहे. कारण बहुतेक वेळा नजरेसमोरच असतं: वर झुकलेली फांदी, ऊन न लागणारी बाजू (उत्तर गोलार्धात उत्तरेकडचा उतार, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडचा), फारच कमी उतार, किंवा वरच्या छपराचं सगळं पाणी एकाच ठिकाणी खालच्या छपरावर पडणं. हे शेवटचं कारण फार वेळा नजरेतून सुटतं. वरच्या पन्हळीचा पाइप खालच्या कौलांवर मोकळा सोडलेला असेल, तर त्या पाइपाच्या तोंडापासून वळचणीपर्यंत शेवाळाचा सरळ हिरवा पट्टा दिसतो. तिथे औषध मारण्यापेक्षा तो पाइप खालच्या पन्हळीपर्यंत वाढवा.

आता शेवाळ म्हणजे नेमकं काय, ते बघू. बोलताना आपण तीन वेगळ्या गोष्टींना हाच एक शब्द वापरतो आणि तिथेच उपाय चुकतो. गच्चीवरचा हिरवा-काळा बुळबुळीत थर म्हणजे शैवाल. त्याला जाडी नसते, बोटाने घासलं की रंग बोटाला लागतो. कौलांच्या सांध्यांत मखमली उशीसारखं फुगतं ते खरं शेवाळ, शास्त्राच्या मराठीत हरिता. त्याला खरी मुळं नसतात. केसांसारखे बारीक तंतू असतात, ते फक्त धरून ठेवतात. पाणी ते मुख्यतः पानांतूनच पितं. उन्हात ते करडं होऊन कुरकुरीत वाळतं, पण मेलेलं नसतं. एक सर आली की थोड्या वेळात पुन्हा हिरवंगार. तिसरा प्रकार दगडफुलाचा, म्हणजे शैवाक: पांढरट, करडे किंवा पिवळे गोल चट्टे, पृष्ठभागाला घट्ट चिकटलेले. यात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. त्याचे तंतू कौलाच्या छिद्रांत शिरतात आणि ते आम्लंही सोडतं. म्हणून दगडफूल जोर लावून खरवडू नये, त्याच्याबरोबर कौलाचा पापुद्रा निघतो.

शेवाळ कौल खातं असा समज आहे. तसं ते खात नाही, ते पाणी धरून ठेवतं आणि नुकसान त्या पाण्याचं असतं. दाट शेवाळ आलेल्या जागचं एक कौल हलक्या हाताने उचलून बघा. वरच्या कौलाची कड जिथे खालच्या कौलावर बसते, त्या फटीत शेवाळाची बारीक झालर आत गेलेली दिसेल. दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी उताराच्या उलट वर ओढते आणि कौलाच्या मागच्या ओठावरून रिपेवर, म्हणजे कौलं ज्या आडव्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्यावर, सोडते. रिपेवर काळी रेघ दिसेल. त्या रेघेवर पेचकसाचं टोक दाबा. टणक लागलं तर अजून वेळ आहे. टोक भुसभुशीत लाकडात रुतलं तर आधी ती रीप बदला, शेवाळाचं नंतर बघू. थंड प्रदेशात यात आणखी एक भर पडते: भिजलेल्या कौलातलं पाणी गोठून फुगतं आणि कौलाचे पापुद्रे सुटतात.

दुसरं नुकसान पन्हळीचं. पक्षी किडे शोधताना शेवाळाच्या उशा उपटतात, जोराच्या पावसातही त्या सुटतात आणि गडगडत पन्हळीत जातात. पाइपाचं तोंड बुजलं की पाणी पन्हळीच्या मागच्या बाजूने भिंतीत उतरतं. भिंतीच्या वरच्या भागाला ओल आली की छप्पर गळतंय असं वाटतं, पण कित्येकदा दोष मूठभर शेवाळाचा असतो.

प्रत्येक शेवाळ काढायलाच हवं असंही नाही. मातीच्या कौलांच्या पाठीवर पातळ थर असेल, सांधे मोकळे असतील, पन्हळ साफ असेल आणि आतून ओल नसेल, तर ते राहू द्या. अशा छपराला चढून, तुडवून, घासून जे नुकसान होतं ते शेवाळाच्या नुकसानीपेक्षा जास्त असतं. सांध्यांत शिरलेलं, उशीसारखं फुगलेलं, पन्हळीच्या तोंडाशी किंवा भिंतीला लागून साचलेलं शेवाळ मात्र ठेवू नये. गच्चीवरचा बुळबुळीत थरही ठेवू नये, कारण तिथे पाय घसरतो.

काय करू नये हे ठासून सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त छपरं त्यानेच बिघडतात. जोरदार फवाऱ्याचं मशीन, म्हणजे प्रेशर वॉशर, कौलांवर लावू नका. अर्ध्या तासात छप्पर नव्यासारखं दिसतं हे खरं. पण सिमेंटच्या कौलाचा गुळगुळीत वरचा थर त्याने उडतो, खालची वाळू उघडी पडते आणि फवारा खालून वर धरला गेला तर पाणी थेट सांध्यातून आत घुसतं. जुन्या घराच्या आढ्यावरचा चुन्याचा गिलावाही निघून येतो. तारेचा ब्रशही नको: तो ओरखडे पाडतो, आणि तुटलेल्या तारा छिद्रांत अडकून गंजाचे तांबडे डाग पडतात. संडास धुवायचं ॲसिड किंवा व्हिनेगर सिमेंटवर ओतू नये. आम्ल सिमेंट विरघळवतं आणि पृष्ठभाग चाळणीसारखा होतो. मिठाचा सल्लाही दिला जातो. मीठ स्लॅबमधल्या सळ्यांना आणि पत्र्याच्या स्क्रूंना गंजवतं. स्वयंपाकघरातली वस्तू आहे म्हणून ती छपराला निरुपद्रवी ठरत नाही.

चढण्याआधी छप्पर कशाचं आहे ते पक्कं करा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते श्वासातून फुप्फुसात गेले की पुढे कर्करोगासह गंभीर आजार होऊ शकतात. असे पत्रे कोरडे घासू नका, खरवडू नका, त्यांवर प्रेशर वॉशर मारू नका. पत्र्यावर पाय न देता, कमी दाबाने औषध फवारून सोडून द्या. मेलेलं शेवाळ पावसाने हळूहळू निघेल. शिवाय हे पत्रे वयाने ठिसूळ होतात. वर शेवाळ असल्याने तडा दिसत नाही आणि माणूस पत्र्यातून खाली जातो. उजेडासाठी बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यांचंही तेच. शेवाळाखाली ते ओळखूच येत नाहीत, म्हणून आधी घरात उभं राहून उजेडाच्या जागा मोजा आणि छपरावर त्या कुठे येतात ते लक्षात ठेवा.

शिडीचा हिशोब साधा: 4 मीटर उंचीला पाया भिंतीपासून 1 मीटर लांब, आणि शिडीचं टोक कडेच्या वर 1 मीटर. शिडी पन्हळीला टेकवू नका, ती वाकते आणि सरकते. कौलांवर थेट चालण्यापेक्षा आढ्याला आकडा लावून टाकायची छपराची शिडी वापरा, तिने वजन पसरतं. अगदीच पाय द्यावा लागला तर कौलाच्या खालच्या टोकाशी द्या, जिथे ते दुसऱ्या कौलावर चढतं आणि खाली रिपेचा आधार असतो. कौलाच्या मध्यावर पाय दिला की ते मोडतं. सुरक्षेचा पट्टा पक्क्या जागी बांधलेला हवा आणि खाली दुसरं माणूस हवं. छप्पर ओलं असेल तर त्या दिवशी काम करूच नका.

काढायला सर्वांत चांगली वेळ म्हणजे पाऊस जाऊन चार-पाच कोरडे दिवस झाले की. भिजलेलं शेवाळ घासलं की चिखल होऊन पसरतं. वाळलेलं असेल तर उशीच्या उशी अख्खी सुटते. अगदी कडकडीत वाळून धूळ उडत असेल तर हलका पाण्याचा हबका मारा.

आधी पाइपाच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, म्हणजे शेवाळ पन्हळीत पडलं तरी पाइपात जाणार नाही. छपराचं पाणी टाकीत साठवत असाल तर ती जोडणी सोडवा आणि काम झाल्यानंतरचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस टाकीत घेऊ नका. खालच्या झाडांना भरपूर पाणी घालून पानंही भिजवा आणि वर कापड झाका. मग आढ्याकडून वळचणीकडे, नेहमी वरून खाली या. खालून वर घासलं की कौलाची कड उचलली जाते आणि कचरा सांध्यात आत ढकलला जातो. उशा काढायला प्लास्टिकची किंवा लाकडाची बोथट पट्टी, सांध्यांसाठी कौलाच्या नळीत बसेल अशी वाकवलेली अरुंद पट्टी, आणि उरलेल्यासाठी कडक प्लास्टिकचा किंवा काथ्याचा ब्रश. डाग घालवायच्या नादी लागू नका. जाडी निघाली, सांधे मोकळे झाले, की हाताचं काम संपलं. काढलेलं शेवाळ बादलीत भरून दोरीने खाली सोडा. औषध लागलेलं नसेल तोवर ते कुंडीत किंवा खतात चालतं.

याच फेरीत प्रत्येक संशयित कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. चांगलं कौल खणखणीत वाजतं. तडा गेलेलं किंवा आतून पाणी प्यालेलं कौल बद्द वाजतं. बद्द वाजणारी कौलं तेव्हाच बदला, पुन्हा चढायचे कष्ट वाचतात.

जाडी काढल्यावरच औषध. उलट क्रमाने केलं तर औषध उशीच्या वरच्या थरातच जिरतं, वरचं तपकिरी होतं आणि खालचं हिरवं जिवंत राहतं. महिनाभराने शेवाळ पुन्हा वर आलं की औषधच खोटं होतं असं वाटतं. खरी चूक क्रमाची असते.

कौलांसाठी माझी पसंती बेन्झाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाला. ते धुवावं लागत नाही आणि ब्लीचसारखा त्याचा रंगावर परिणाम होत नाही. ते बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेचं मिळतं, म्हणून डब्यावरचा आकडा वाचूनच हिशोब करा. 50 टक्क्यांचं असेल तर 10 लीटर मिश्रणात 400 मिलिलीटर औषध घातलं की 2 टक्के होतं. डब्यावर वेगळं प्रमाण सांगितलं असेल तर तेच पाळा. पाठीवरच्या पंपाने, कमी दाबाने, मोठ्या थेंबांनी फवारा. धुकं उडालं तर अर्धं औषध वाऱ्याबरोबर जातं. खरबरीत कौलाला साधारण 3 ते 4 चौरस मीटरला 1 लीटर मिश्रण लागतं, म्हणजे 40 चौरस मीटरच्या उताराला 10 ते 13 लीटर. पृष्ठभाग भिजला पाहिजे, पण औषध पन्हळीत वाहायला लागता कामा नये. पुढचा किमान एक पूर्ण दिवस पाऊस नको, दोन मिळाले तर उत्तम. या मिश्रणात कपड्याचा किंवा भांड्यांचा साबण घालू नका. नेहमीचा साबण आणि हे औषध एकमेकांना निकामी करतात. पंप आधी साबणाने धुतला असेल तर तो साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून घ्या. शेवाळ तपकिरी व्हायला एक-दोन आठवडे लागतात, दगडफूल सुटायला कित्येक महिने. तोवर खरवडायला जाऊ नका. हे औषध माशांना आणि पाण्यातल्या जिवांना घातक आहे, म्हणून वाहतं पाणी तळ्यात किंवा ओढ्यात जाणार असेल तर ते वापरू नये.

गच्चीचा मामला वेगळा. तिथे बहुतेक शैवाल असतं आणि पाय रोवून काम करता येतं, म्हणून क्लोरीनचं मिश्रण सोपं पडतं. उपलब्ध क्लोरीन 1 टक्का पुरे. 10 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रवरूप ब्लीच, असेल तर 1 लीटरला 9 लीटर पाणी. घरगुती 4 टक्क्यांचं असेल तर 1 भागाला 3 भाग पाणी. ब्लीचिंग पावडर ताजी, साधारण 33 टक्के क्लोरीनची असेल तर 10 लीटरला 300 ग्रॅम. पावडर आधी प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ तेवढं घ्या. गाळ पंपाची तोटी बुजवतो आणि स्लॅबवर पांढरे डाग ठेवतो. उघडी पडून दमट झालेली पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन निघून गेलेला असतो. मिश्रण लागेल तेवढंच आणि त्याच दिवशीचं.

गच्ची आधी झाडून काढा, कारण माती आणि पाला क्लोरीन खाऊन टाकतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर ओता. भर उन्हात ते काम करण्याआधीच वाळतं. 15 ते 20 मिनिटं ओलं ठेवा, कडक ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. काळं पडलेलं शैवाल एका हातात निघत नाही, दुसरा हात द्यावा लागतो. क्लोरीनने रंग लगेच उडतो, त्यावरून सगळं मेलं असं समजू नका. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, पायात न घसरणारे बूट. आणि एक गोष्ट कधीही नाही: ब्लीचमध्ये ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळायचं नाही. आम्लाबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइनं. दोन्ही फुप्फुस जाळतात. धुतलेल्या पाण्याची वाट लोखंडी पत्र्यावरून किंवा ॲल्युमिनियमच्या पन्हळीतून जात असेल तर ब्लीच वापरूच नका, ते धातू खातं.

गच्ची धुवून झाली की खरं काम सुरू होतं. पाण्याच्या पाइपाची जाळी साफ करा, सगळीकडे पाणी मारा आणि 48 तासांनी बघा. जिथे अजून डबकं आहे तिथे खडूने रेघ मारा. शेवाळाची जुनी सीमा आणि ही रेघ बहुतेक तंतोतंत जुळतात. तो खड्डा भरून पाण्याच्या तोंडाकडे 100 ला 1 तरी उतार दिला नाही, तर पुढच्या पावसात त्याच जागी हिरवं दिसेल. कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातली सिमेंटची गोलाई तडकली असेल तर तीही आत्ताच करा. तिथल्या शेवाळात माती साचते आणि वड-पिंपळासारख्या झाडांची बी रुजते. त्यांची मुळं मात्र खरोखर भिंत फोडतात.

शेवाळावरून वॉटरप्रूफिंगचा रंग फासणं हा पैशांचा सर्वांत वाईट उपयोग. खालचं शेवाळ कुजतं, ओल अडकते आणि रंग फुगे येऊन चादरीसारखा सुटतो. रंगाआधी एक चाचणी करा: दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिक स्लॅबवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि 16 तास राहू द्या. प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालचा स्लॅब गडद झाला तर अजून ओल आहे, थांबा. मातीच्या कौलांवर तर जाड रंग देऊच नये. कौलाला श्वास घेता आला पाहिजे. द्यायचंच असेल तर वाफ अडवणार नाही असं, सिलेन या रसायनाचं पाणीरोधक द्या.

जस्ताच्या पत्र्यावर शेवाळ सहसा धरत नाही. दिसलंच तर दोन पत्र्यांच्या जोडावर, पाल्याखाली किंवा रंग दिलेल्या भागावर दिसतं. पाला काढा, मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवा, तेवढं पुरतं.

जस्ताचा हा गुण पुढच्या बंदोबस्ताला कामी येतो. शेवाळलेल्या छपरावर वीजरोधकाची तांब्याची तार किंवा जस्ताचा मुलामा दिलेला खांब असेल तर त्याच्या खाली बघा, कौलांवर एक स्वच्छ पट्टा उतरलेला दिसतो. पावसाच्या पाण्यात धातूचा अगदी थोडा अंश विरघळतो, तेवढा शेवाळाला पुरेसा मारक असतो. म्हणून आढ्याखाली, पूर्ण लांबीभर, तांब्याची किंवा जस्ताची पट्टी बसवतात. वरची कड आढ्याच्या कौलाखाली आणि निदान 5 सेंटिमीटर भाग बाहेर उघडा, कारण पाऊस लागला तरच ती काम करते. खिळे त्याच धातूचे घ्या. तांब्याच्या पट्टीला लोखंडी खिळा मारला तर खिळाच आधी गंजून जातो. तांबं जास्त प्रभावी, पण खाली ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या पत्र्याची पन्हळ असेल तर तांब्याचं पाणी ती पोखरतं. तिथे जस्तच लावा. आणि छपराचं पाणी पिण्यासाठी साठवत असाल किंवा ते माशांच्या तळ्यात जात असेल तर दोन्ही नकोत.

पट्टी जुनं दाट शेवाळ मारत नाही, ती फक्त साफ केलेल्या छपरावर नवं धरू देत नाही. तिचा गुण खाली 4-5 मीटरपर्यंत जाणवतो, पुढे पाण्यातला अंश फार विरळ होतो. उतार त्याहून लांब असेल तर मध्यावर कौलांच्या एका ओळीखाली दुसरी पट्टी सरकवा. आणि छपरावर आलेल्या फांद्या पट्टी बसवण्याआधीच छाटा, कारण पाला साचला की पट्टीवरून येणारं पाणी त्याच्याखालच्या कौलांपर्यंत नीट पोचत नाही.